मुदत भरलेली ठेव

पैशाच्या इतिहासावर जे ग्रंथ झाले त्यांत टाकसाळी आहेत, राजांची कर्जे आहेत, मोठमोठ्या पेढ्यांचा उदयास्त आहे. परंतु सामान्य माणसाच्या पासबुकाचा इतिहास सांगण्याची तसदी फारशी कोणी घेतलेली नाही. वास्तविक हे पासबुक म्हणजे राज्यसंस्था आणि नागरिक यांच्यामधील एक करारपत्रच असते. तू खर्च आवर, पैसा अमुक मुदतीपर्यंत हलवू नकोस, आणि त्याच्या मोबदल्यात तुझ्या व्याजावर मी कर घेणार नाही, असे सरकार त्यात सांगत असते. मुदत चालू असेपर्यंत हा करार कोणाच्या फारसा ध्यानातही येत नाही. मुदत भरली म्हणजे मात्र ठेवीदारापुढे प्रश्न उभा राहतो : ही रक्कम पुन्हा ठेवीतच ठेवावी, की शेअर आणि रोखे यांच्या गुंतवणुकीत घालावी?

हा प्रश्न आपल्या घरांतही नवा नाही. पोस्टातील बचतपत्रे, बँकेतील मुदतठेव किंवा १९६८ साली निघालेली सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीची योजना यांची मुदत भरत आली म्हणजे घरातील वडील मंडळी आणि नुकतीच मिळवती झालेली मुले यांच्यात जो वाद होतो तो पुष्कळांच्या परिचयाचा आहे. तथापि या वादाचा इतिहास पाहावयाचा तर ब्रिटनकडे वळणे सोयीचे होईल, आणि त्याला कारणे दोन आहेत. एक तर आपल्याकडील पोस्टाची बचत बँक १८८२ साली तिकडच्याच धर्तीवर निघाली. दुसरे असे की, करमुक्त ठेव आणि करमुक्त गुंतवणूक यांच्यामध्ये दार असावे की नसावे, असल्यास ते कोणत्या बाजूला उघडावे, याविषयी ब्रिटिश कायद्याने गेल्या पस्तीस वर्षांत इतक्या वेळा विचार बदलला आहे की, त्या फेरफारांत सामान्य बचतदाराची सारी कुचंबणा दिसून येते. आमचे म्हणणे थोडक्यात असे : शंभराहून अधिक वर्षांच्या या प्रवासात करमाफी टिकून राहिली, पण धोका मात्र हळूहळू सरकारच्या खांद्यावरून उतरून बचतदाराच्या खांद्यावर आला. मुदत भरण्याचा क्षण हा त्या खांदेपालटाचा क्षण होय.

आरंभ गरिबीच्या चिंतेतून झाला. स्कॉटलंडमधील रथवेल या खेड्यात हेन्री डंकन नावाच्या धर्मोपदेशकाने १८१० साली एक बचतपेढी काढली. त्या काळच्या मोठ्या बँका दहा पौंडांखालची ठेव घेत नसत. डंकनच्या पेढीत सहा पेन्सही चालत. पुढे १८६१ साली ग्लॅडस्टन अर्थमंत्री असताना पोस्टाची बचत बँक सुरू झाली. तीत एक शिलिंगापासून पैसे ठेवता येत, शेकडा अडीच व्याज मिळे, आणि वर्षाला तीस पौंडांपेक्षा अधिक ठेवता येत नसे. ठेवीला हमी खुद्द सरकारची होती. या पेढ्यांतून पैसे ठेवणारे गिरणीकामगार, शेतमजूर आणि मोलकरणी यांना प्राप्तिकर कसा तो ठाऊकच नव्हता. कारण तो कर त्यांच्या मिळकतीपर्यंत पोहोचतच नसे. ज्याला कर नाही त्याला करमाफी तरी कशाला हवी? म्हणून करमुक्त बचतीचा प्रश्न त्या शतकात उद्भवला नाही. तो उद्भवला पहिल्या महायुद्धात.

१९१५ साली ब्रिटिश सरकारने प्राप्तिकराची माफमर्यादा वर्षाला १३० पौंडांवर आणली, आणि १९१६ साली कराचा मुख्य दर पौंडामागे पाच शिलिंगांवर नेला. चांगल्या पगाराचे कुशल कामगार प्रथमच कराच्या जाळ्यात आले. त्याच सुमारास युद्धाच्या खर्चासाठी लहान बचतदारांकडून पैसा कसा उभारावा याचा विचार करण्याकरिता एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष एडविन माँटेग्यू होते. हेच गृहस्थ पुढे भारतमंत्री झाले आणि माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमुळे त्यांचे नाव आपल्याकडे घरोघर पोहोचले. परंतु त्याआधी त्यांचा हात सामान्य माणसाच्या बचतीला लागलेला होता हे आपणांपैकी थोड्यांस ठाऊक असेल. फेब्रुवारी १९१६ मध्ये युद्ध-बचतपत्रे विक्रीस निघाली. साडेपंधरा शिलिंग द्यावे आणि पाच वर्षांनी एक पौंड घ्यावा, असा सरळ व्यवहार होता. हिशेब केला तर हे व्याज चक्रवाढीने दर साल शेकडा पाचाहून किंचित अधिक पडते, आणि त्यावर प्राप्तिकर मुळीच नव्हता. एकाने पाचशेपेक्षा अधिक पत्रे घेऊ नयेत असा निर्बंध होता. कारण करमाफी ही श्रीमंताला अधिक गोड लागते हे सरकार ओळखून होते. लगेच पुढच्या वर्षी, १९१७ साली, हिंदुस्थानातही पोस्टातून पाच वर्षांच्या मुदतीची कॅश सर्टिफिकिटे विकली जाऊ लागली. आपल्याकडील बचतपत्रांचे मूळ तेथे आहे.

या पहिल्याच प्रयोगात पुढच्या सर्व इतिहासाचे बीज सापडते. १९१४ ते १९२० या काळात ब्रिटनमधील राहणीचा खर्च दुपटीहून अधिक वाढला. १९१६ च्या आरंभी जो जिन्नस साडेपंधरा शिलिंगांत येत होता तो १९२१ च्या आरंभी एका पौंडातही येईना. सरकारने शब्द पाळला होता. पौंड दिला होता, करही घेतला नव्हता. तरी ठेवीदार आत गेला त्यापेक्षा गरीब होऊनच बाहेर पडला. महागाई हाही एक करच आहे; तो कोणत्याही विधिमंडळात मंजूर होत नाही आणि त्याला माफी देण्याचे सामर्थ्य करमुक्तीच्या शिक्क्यात नसते. उलट ज्यांनी मुदत भरल्यावरही आपली पत्रे मोडली नाहीत, आणि तशी सोय सरकारने केली होती, त्यांना पुढच्या दोन-तीन वर्षांत किंमती झपाट्याने उतरल्यामुळे चांगला लाभ झाला. म्हणजे एकाच कागदाने एकाला बुडविले आणि दुसऱ्याला तारले. अंतर शहाणपणाचे नव्हते. गरज कोणाला केव्हा पडली एवढेच होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर महागाईचा हा धडा अधिकच कठोर झाला. १९७५ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनमधील महागाईचा वार्षिक वेग शेकडा २७ च्या घरात गेला होता. त्याच वर्षी सरकारने निवृत्तीच्या वयाच्या लोकांसाठी एक नवे बचतपत्र काढले. त्याची रक्कम किंमतींच्या निर्देशांकाबरोबर वाढत असे आणि ती वाढ करमुक्त असे. लोकांनी त्याला लाडाने ‘आजीबाईंचा रोखा’ असे नाव दिले. १९८१ साली तो सर्व वयाच्या लोकांना खुला झाला. सरकारने महागाईचा धोका स्वतःच्या अंगावर घेतल्याचे हे उदाहरण मोठे दुर्मिळ आहे. कारण यानंतर वारे उलट दिशेने वाहू लागले.

१९८० नंतरच्या दशकात मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने सार्वजनिक उद्योग विक्रीस काढले. १९८४ साली टेलिफोनची आणि १९८६ साली गॅसची कंपनी विकली गेली, आणि ज्यांनी आयुष्यात कधी शेअरचा कागद पाहिला नव्हता असे लाखो लोक भागधारक झाले. याच विचाराला धरून अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी १९८६ च्या अंदाजपत्रकात एक योजना जाहीर केली. ती १ जानेवारी १९८७ पासून अमलात आली आणि तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘पेप’ म्हणत. वर्षाला २४०० पौंडांपर्यंत रक्कम शेअरमध्ये घालावी, लाभांशावर कर नाही आणि विक्रीच्या नफ्यावरही कर नाही, असे तिचे स्वरूप होते. पहिले वर्ष पुरे होण्यापूर्वीच, १९ आणि २० ऑक्टोबर १९८७ या दोन दिवसांत, लंडनच्या शेअरबाजाराचा पाचवा हिस्सा वाहून गेला. नव्या भागधारकांना धड्यासाठी फार काळ थांबावे लागले नाही.

ठेवीदारांची स्थिती तोपर्यंत वेगळीच होती. बिल्डिंग सोसायट्यांतील ठेवींच्या व्याजावर, आणि १९८५ पासून बँकांतील व्याजावरही, कर मुळातच एका सरासरी दराने कापला जाई, आणि ज्याचे उत्पन्न करपात्र नाही त्यालाही तो परत मिळत नसे. म्हणजे कारखानदाराच्या व्याजातून कापलेला कर आणि विधवा म्हातारीच्या व्याजातून कापलेला कर यांत भेद नव्हता, आणि म्हातारीला दाद मागण्याची सोय नव्हती. ही पद्धत एप्रिल १९९१ मध्ये बंद झाली. त्याच्या एक वर्ष आधी, एप्रिल १९९० मध्ये, आणखी एक महत्त्वाचा बदल घडला होता. तोपर्यंत विवाहित स्त्रीचे उत्पन्न करापुरते नवऱ्याचेच समजले जाई. तिच्या ठेवीचे व्याजही त्याच्या हिशेबात जमा होई. १९९० पासून तिचा हिशेब स्वतंत्र झाला. पुढे जी करमुक्त खाती निघाली ती एकेका व्यक्तीच्या नावे होती. ठेवीच्या इतिहासात या गोष्टीची नोंद ठळक अक्षरांनी झाली पाहिजे. कारण स्वतःच्या पैशाचे काय करावे हा प्रश्न पडण्यासाठी पैसा आधी स्वतःचा असावा लागतो.

मार्च १९९० च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री जॉन मेजर यांनी करमुक्त ठेवीची योजना मांडली. आद्याक्षरांवरून तिचे नाव ‘टेसा’ पडले. १ जानेवारी १९९१ पासून बँका आणि बिल्डिंग सोसायट्या ही खाती उघडू लागल्या. मुदत पाच वर्षांची. पहिल्या वर्षी ३००० पौंड, त्यानंतर वर्षाला १८०० पौंड, आणि एकूण ९००० पौंड ही कमाल मर्यादा. मुदतीआधी मुद्दलाला हात लावला की करमाफी गेली. ही योजना आली तेव्हा परिस्थिती तिला फार अनुकूल होती. बँक ऑफ इंग्लंडचा दर १९८९ च्या ऑक्टोबरपासून शेकडा १५ होता आणि १९९० च्या ऑक्टोबरात तो १४ वर आला. एवढे व्याज, तेही करमुक्त. मग शेअरबाजाराच्या वाटेला कोण जाणार? परंतु महागाईही त्या शरद ऋतूत शेकडा दहाच्या वर गेलेली होती, हे त्या व्याजाच्या झगमगाटात पुष्कळांना दिसले नाही.

जानेवारी १९९६ मध्ये पहिल्या खात्यांची मुदत भरली. पाच वर्षांपूर्वी १४ असलेला बँकदर आता सहा आणि सात यांच्यामध्ये होता. ठेवीदार ज्या जगात शिरले होते त्या जगात ते बाहेर पडले नाहीत. आता काय करावे? केनेथ क्लार्क अर्थमंत्री असताना कायद्याने त्यांना एक सवलत दिली : सहा महिन्यांच्या आत मुद्दल, जास्तीत जास्त ९००० पौंड, नव्या टेसात एकदम घालता येईल. व्याजाला मात्र ती सवलत नव्हती. पाच वर्षे करमुक्त वाढलेले व्याज उंबरठ्याबाहेर राहिले, आणि मुद्दल तेवढे पुन्हा आत गेले. ज्यांना व्याजही करमुक्त ठेवावयाचे होते त्यांच्यापुढे पेपचा, म्हणजे शेअरचा, मार्ग होता. पैसा दोन वाटांनी जाऊ लागला. जो ठेवीदार एवढी वर्षे स्वतःला केवळ सावध माणूस समजत होता, तो आपल्याला नकळत गुंतवणूकदार झाला.

१९९७ साली मजूर पक्ष अधिकारावर आला. गॉर्डन ब्राउन यांनी पेप आणि टेसा ही दोन्ही बंद करून ६ एप्रिल १९९९ पासून एकच नवे खाते सुरू केले. त्याचे नाव ‘आयसा’. आपण त्याला वैयक्तिक बचत खाते म्हणू. वर्षाची मर्यादा ७००० पौंड, आणि त्यांपैकी ३००० पौंडांपर्यंत रोख ठेवीत. छप्पर एक झाले, पण आत भिंत राहिली : रोख ठेवीत घातलेला पैसा रोख ठेवीतच राहावयाचा. चालू असलेल्या टेसांना मुदत पुरी करू दिली, आणि २००४ पर्यंत जसजशी त्यांची मुदत भरत गेली तसतसे त्यांचे मुद्दल एका खास आयसात घेण्याची सोय केली. तेथेही व्याजाला प्रवेश नव्हता, आणि हे खास खातेही रोख ठेवीचेच होते.

पुष्कळांनी त्या वेळी या भिंतीविरुद्ध तक्रार केली. १९९९ च्या शेवटच्या दिवशी लंडनच्या शंभर मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक ६९३० वर होता, आणि शेजारी श्रीमंत होत असताना आपले पैसे ठेवीत कोंडलेले पाहणे कोणालाही जड जाते. परंतु मार्च २००३ मध्ये तोच निर्देशांक ३२८७ पर्यंत खाली आला. निम्म्याहून अधिक मोल गेले. ज्या भिंतीला लोक अन्याय म्हणत होते तिने त्यांचे मुद्दल वाचविले होते. अर्थात हे कायदे करणाऱ्यांच्या दूरदृष्टीचे फळ होते असे म्हणता येणार नाही. बाजार पडेल म्हणून त्यांनी भिंत बांधली नव्हती.

याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. शेअरमधील खात्यांना कंपन्यांच्या लाभांशावर शेकडा दहाची करसवलत सरकारकडून परत मिळत असे. ती एप्रिल २००४ पासून बंद झाली. खात्यावरची ‘करमुक्त’ ही पाटी तशीच राहिली, पण दुकानातला माल थोडा कमी झाला. सरकारचे वचन शब्दात टिकते तेव्हाही अर्थात बदलू शकते, हे यावरून ध्यानात यावे.

आता आपण या कथेतील सर्वांत उद्बोधक भागाकडे येतो. ६ एप्रिल २००८ रोजी भिंतीला दार पाडण्यात आले. जुने पेप शेअरच्या आयसात रूपांतरित झाले, टेसातून आलेली खास खाती साध्या रोख आयसात मिळविली गेली, आणि मागील वर्षांची रोख ठेव शेअरच्या खात्यात हलविण्यास परवानगी मिळाली. या हलविण्याने चालू वर्षाची मर्यादा कमी होत नसे. परंतु दार एकाच बाजूला उघडणारे होते. ठेवीतून शेअरमध्ये जाता येई. शेअरमधून ठेवीत परत येता येत नसे.

दार उघडले तो काळ कोणता होता? सप्टेंबर २००७ मध्ये नॉर्दर्न रॉक या बँकेच्या दारांशी ठेवीदारांच्या रांगा लागल्या होत्या. ब्रिटनमध्ये असा प्रकार एकोणिसाव्या शतकानंतर प्रथमच घडत होता. त्या वेळच्या नियमाप्रमाणे बँक बुडाली तर पहिल्या २००० पौंडांची पूर्ण आणि पुढच्या ३३००० पौंडांची शेकडा ९० भरपाई मिळावयाची. तेव्हा ठेव म्हणजे निर्धास्तपणा ही समजूतही हादरलेली होती. अशा वेळी ज्यांनी नव्या दारातून शेअरमध्ये प्रवेश केला त्यांनी निर्देशांक सहा हजारांच्या आसपास असताना खरेदी केली; वर्षअखेरीस तो ४४३४ होता. घाबरून परत फिरावे तर करमाफीसह फिरण्याची वाट नव्हती. पैसा काढून घेणे शक्य होते, पण मग वर्षानुवर्षे जमविलेले करमुक्तीचे कवच कायमचे गळून पडत होते. याला आपल्याकडे इकडे आड तिकडे विहीर म्हणतात.

आणि जे ठेवीतच राहिले ते तरी सुखी झाले काय? मार्च २००९ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने आपला दर शेकडा अर्ध्यावर आणला, आणि पुढे अनेक वर्षे तो तेथेच किंवा त्याच्या आसपास राहिला. सप्टेंबर २०११ मध्ये महागाई शेकडा पाचाच्या वर होती. समजा, एखाद्याजवळ ९००० पौंडांची करमुक्त ठेव आहे, तिला शेकडा दोन व्याज मिळते आणि किंमती शेकडा पाच वाढतात. वर्षाअखेर त्याच्याजवळ ९१८० पौंड असतील; पण पहिल्या दिवशी ९००० पौंडांत जे येत होते ते घ्यावयाला आता ९४५० पौंड लागतील. पासबुकात आकडा वाढलेला दिसतो आणि संसारात तूट आलेली असते. उलट जे शेअरमध्ये अडकून पडले होते, आणि ज्यांना मध्यंतरी पैशाची निकड पडली नाही, त्यांनी २०१३ च्या अखेरीस निर्देशांक ६७४९ वर गेलेला पाहिला. मधल्या वर्षांचा लाभांश निराळा. एकाच दारातून एकाच दिवशी गेलेल्या दोन माणसांपैकी ज्याला दोन वर्षांनी घर घ्यावयाचे होते तो फसला, आणि ज्याला वीस वर्षांनी निवृत्त व्हावयाचे होते तो तरला. १९२१ सालच्या बचतपत्रांनी जो धडा दिला होता तोच हा.

१ जुलै २०१४ पासून दार दोन्ही बाजूंनी उघडले. शेअरमधून ठेवीत परत येता येऊ लागले आणि वर्षाची मर्यादा १५००० पौंड झाली. २०१७ पासून ती २०००० पौंड आहे. दरम्यान एप्रिल २०१६ पासून सामान्य करदात्याला साध्या बचत खात्यातील वर्षाचे १००० पौंड व्याजही करमुक्त झाले. त्यामुळे लहान ठेवीदाराच्या दृष्टीने खास करमुक्त ठेवीचे महत्त्व काहीसे उतरले. शेअरच्या बाबतीत गोष्ट उलटी घडली : कवचाबाहेरच्या विक्रीनफ्यावरील वार्षिक माफी १२३०० पौंडांवरून दोन वर्षांत ३००० पौंडांवर आली, आणि लाभांशावरील माफी एप्रिल २०२४ पासून अवघी ५०० पौंड राहिली. कोणत्याही मंत्र्याने ‘शेअर घ्या’ असे न सांगताही करांच्या मांडणीने लोकांना त्या दिशेने ढकलले.

पुढे ते उघडपणेही सांगण्यात आले. नोव्हेंबर २०२५ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री रेचेल रीव्ह्ज यांनी जाहीर केले की, एप्रिल २०२७ पासून ६५ वर्षांखालील माणसांना वर्षाला रोख आयसात १२००० पौंडच घालता येतील. एकूण मर्यादा २०००० पौंडांचीच राहील. म्हणजे उरलेले ८००० करमुक्त ठेवावयाचे तर ते गुंतवणुकीतच गेले पाहिजेत. या मर्यादेला कोणी बगल देऊ नये म्हणून त्या वयाच्या लोकांना शेअरच्या खात्यातून रोख खात्यात परत येण्याची बंदी करण्याचेही योजिले आहे. २००८ साली एका बाजूला उघडलेले, २०१४ साली दोन्ही बाजूंना मोकळे झालेले दार अशा रीतीने पुन्हा एकेरी होऊ घातले आहे.

सरकारचा यातील युक्तिवाद खोटा नाही. पैसा उद्योगात गेला तर राष्ट्राची उत्पादनशक्ती वाढते, आणि दीर्घ काळ पाहता शेअरमधील पैशाने ठेवीतील पैशाला बहुधा मागे टाकलेले आहे, हे खरेच आहे. परंतु १९१६ साली राष्ट्रासाठी बचत करा असे म्हणणारे सरकार ठेवीदाराचे ऋणको होते. पाच वर्षांनी पौंड देण्यास ते बांधलेले होते. आज राष्ट्रासाठी गुंतवणूक करा असे म्हणणारे सरकार कोणाचेच ऋणको नाही. लाभ झाला तर राष्ट्राचा आणि व्यक्तीचा. तोटा झाला तर तो एकट्या व्यक्तीचा. या फरकाचा उच्चार सरकारी पत्रकांत क्वचितच आढळतो, म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने तो करावा.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. हा सारा वाद ज्यांच्याजवळ शिल्लक आहे त्यांचा आहे. वर्षाला वीस हजार पौंड बाजूस टाकणारी कुटुंबे ब्रिटनसारख्या संपन्न देशातही थोडी. डंकनच्या पेढीत सहा पेन्स घेऊन जाणाऱ्या मजुराचे पणतू या करमुक्तीच्या रांगेत कितीसे दिसतात? या विषमतेवर उपाय म्हणून तेथे १ सप्टेंबर २००२ पासून २ जानेवारी २०११ पर्यंत जन्मलेल्या मुलांच्या नावे सरकारने स्वतः थोडी रक्कम घालून करमुक्त खाती उघडली. सर्वसाधारण मुलाला आरंभी २५० पौंड आणि गरीब घरच्या मुलाला ५०० पौंड मिळत. सप्टेंबर २०२० पासून ही मुले अठराव्या वर्षात पदार्पण करून नव्हे, अठरा पुरी करून आपल्या खात्यांची धनी होऊ लागली. रक्कम ठेवीत घालावी की गुंतवणुकीत, हा निर्णय त्यांच्यापुढे आला. पण पुष्कळ खाती कोणी मागावयास न आल्यामुळे तशीच पडून राहिली. आपल्या नावे काही आहे हेच अनेकांना ठाऊक नव्हते. निवडीचा अधिकार दिला, पण त्या अधिकाराची वर्दी पोहोचली नाही, तर तो अधिकार कागदावरच राहतो.

व्यवहाराची म्हणून एक बाब सांगणे अवश्य आहे. कारण ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही ती लागू पडते. मुदत भरल्यावर ठेव गुंतवणुकीत न्यावयाची झाली तर पैसा स्वतःच्या हातात घेऊन नव्या खात्यात भरावयाचा नसतो. नव्या संस्थेकडे बदलीचा अर्ज द्यावयाचा आणि तिने जुन्या संस्थेकडून रक्कम मागवून घ्यावयाची, असा नियम आहे. पैसा एकदा साध्या खात्यात उतरला की त्यावरील कवच सामान्यतः गेले. पुन्हा घालावयाचा तर तो चालू वर्षाच्या मर्यादेत बसवावा लागतो. तसेच मुदत भरूनही ठेवीदाराने काहीच कळविले नाही तर रक्कम बहुधा कमी व्याजाच्या खात्यात जाऊन पडते. काहीच न ठरविणे हाही एक निर्णयच असतो, आणि तो आपल्या वतीने दुसरा कोणी घेतो.

मग ठेव बरी की गुंतवणूक बरी? एकशे दहा वर्षांच्या या इतिहासाने त्याचे एकच एक उत्तर दिलेले नाही. ज्यांनी ठेवीला सुरक्षित मानले त्यांना १९२१ ने, १९७५ ने आणि २०११ ने चकविले. ज्यांनी शेअरला समृद्धीचा राजमार्ग मानले त्यांना १९८७ ने, २००३ ने आणि २००८ ने चकविले. ठेवीत आकडा सुरक्षित असतो आणि मोल धोक्यात असते. गुंतवणुकीत आकडा आज धोक्यात असतो आणि मोल वाढण्याची आशा दूर असते. तेव्हा विचारावयाचा प्रश्न हा की, हा पैसा मला केव्हा लागणार आहे, आणि तोपर्यंत तो निम्मा झालेला पाहण्याची माझ्या घराची ताकद आहे काय? दोन वर्षांनी मुलीच्या शिक्षणाला लागणारा पैसा आणि वीस वर्षांनी म्हातारपणी लागणारा पैसा एकाच पासबुकात असले तरी ते दोन वेगळे पैसे आहेत, आणि त्यांना एकाच वाटेने नेण्याचे कारण नाही.

हा प्रश्न कोणताही अर्थमंत्री आपल्यासाठी सोडवू शकत नाही. कारण त्याच्यापुढे राष्ट्राची सरासरी असते, आणि संसार कोणाचाही सरासरीवर चालत नाही. कायदा दार करतो, कधी ते लावून घेतो, कधी एका बाजूने उघडतो. या फेरफारांमागे बचतदाराचे हित असते तसेच राज्याची गरजही असते, आणि पुष्कळदा ही दुसरी गोष्ट पहिलीच्या वेषात पुढे येते. म्हणून मुदत भरल्याचे पत्र घरी येईल त्या दिवशी घरातील सर्वांनी, ज्यांच्या कष्टातून ती शिल्लक पडली त्या स्त्रियांसह, एकत्र बसून ते वाचावे. व्याजाचा दर पाहावा, महागाईचा दर पाहावा, आणि आपल्या पुढील गरजांची यादी त्यांच्या शेजारी मांडावी. धोका आपल्या खांद्यावर आलेलाच आहे. तो उतरवून ठेवणे आता बहुधा आपल्या हाती नाही. निदान तो किती जड आहे हे तोलून पाहून, आपल्या बेताचा भाग कोणता आणि किती हे ठरवून, मग पाऊल उचलणे आपल्या हाती आहे.